साहेबांच्या पिठातली मेथी

पिठाच्या गिरणीच्या नव्या मोटरसाठी मी बँकेतून कर्ज काढलं, तर तिथल्या मॅनेजर टिळेकर साहेबांनी न विचारता विमा गळ्यात मारून कर्जातूनच पैसे कापले. उरलेले पैसे पुरेनात, मोटर राहिली दुकानात. जाब विचारला, तर म्हणाले, “सही केलीत ना, मावशी? तुमच्या भल्याचंच आहे. पैसे परत मिळत नाहीत.”

रविवारी साहेबांचा गव्हाचा डबा दळणाला आला. मी त्यात अर्धा किलो मेथीदाणे दळले आणि मेथीचे पैसे वेगळे लावले.

साहेब तणतणत आले. “पोळी नाही, कडू विष झालंय! मेथी घाला म्हणून कुणी सांगितलं?”

“डबा ठेवलात ना, साहेब? तुमच्या भल्याचंच आहे.”

“न विचारता घातलंत, त्याचे पैसे मी का देऊ?”

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, “हेच आता बँकेत बोला. आम्ही सगळ्या ऐकायला येतो.”

बुधवारी विम्याचे पैसे खात्यात आले. मीही मेथीचे सोडले. पीठ मात्र परत घेतलं नाही.