खोतांच्या वाट्याचं पाणी

चैत्र लागला की खाडीकाठच्या वाडीतल्या विहिरी खारट व्हायच्या. गोड पाणी उरायचं ते फक्त भिकाजी खोतांच्या विहिरीत, आणि तिथं घागर भरायची तर आधी त्यांच्या नारळीच्या आगरात राबावं लागायचं.

द्वारकाकाकूंना हे मुळीच मानवेना. भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं, हे त्या रोज बघत होत्या. त्यांनी पत्र्याची परात काळी रंगवली, तीत खाडीचं पाणी ओतून उन्हात ठेवली आणि वर जुन्या खिडकीची काच घातली. आडव्या काचेचे थेंब परत परातीतच पडले. मग काकूंनी काच तिरकी केली, खालच्या कडेला बांबूची पन्हळ लावली, आणि गोड्या पाण्याचे थेंब ओघळत कळशीत जमू लागले. बघता बघता घरोघरी काचा लागल्या. खोतांच्या आगरात कामाला कोणी फिरकेना.

भर दुपारी खोत तणतणत काकूंच्या ओटीवर आले. "खाडीचा काठ आमचा, म्हणजे पाणीही आमचं. रोज निम्मी कळशी आमच्या घरी पोचली पाहिजे!"

"पोचेल की. उन्हातून आलात, आधी गूळपाणी घ्या."

दारी आलेलं गूळपाणी कोणी नाकारत नाही. खोतांनी गुळाचा खडा तोंडात टाकला, तांब्यातून मोठा घोट घेतला आणि अंगणात थुंकले. "अहो, हे तर खारं आहे!"

"तुमचंच आहे. खाडीतून भरलं, तसंच दिलं. निम्मी कशाला, अख्खी कळशी न्या. काचेवरचं मात्र उन्हानं दिलंय. त्यात वाटा हवा असेल, तर उन्हाकडे मागा."

खोत उठले. घर येईपर्यंत तोंडातला खारटपणा काही गेला नाही.