पाकळ्यांचा कंस

जांभळ्या डोंगराखाली, रानाच्या कडेला सावरीची इवलीशी झोपडी होती. झोपडीत ताप शिरला होता. आई बोलेनाशी झाली होती, चिमुकला भाऊ धोंडू नुसता कण्हत होता. गेल्या साली याच तापाने बाबा गेले.

शेजारची भिवराकाकूही फणफणली होती. "तापाचं घर!" म्हणत तिनेच सावरीला विहिरीवरून हाकललं होतं. आज ती दाराआडून "पोरी, पाणी..." म्हणत होती. सावरीने तिला घरातला शेवटचा तांब्या दिला आणि उजाडताच ती औषध शोधायला रानात धावली.

गुलाबी तेरड्यांत बोटाएवढी परी चमचमत होती.

"माझं औषध म्हणजे एक हिरवं पान आणि दवाचे दोन रुपेरी थेंब," ती म्हणाली. "थेंबांवाचून पान कामाचं नाही. आणि मागायचं एकदाच. तुझे बाबा तुझ्या आईसाठी आणि स्वतःसाठी, अशा दोघांसाठी आले, घाईत म्हणाले, 'दोन पानं आणि दोन थेंब.' मी तेवढंच दिलं."

ते दोन थेंब बाबांनी आईला पाजले होते. सावरीला आठवलं.

"तुला किती जणांसाठी हवं?"

"आई, धोंडू आणि काकू. तिघांसाठी."

"हाकलणारी काकू?"

"तिलाही ताप आहे ना!"

"बरं. पान एक, थेंब दोन, मिळून तीन. तीन त्रिक नऊ. नऊ देऊ?"

"नऊ काय?" सावरी थबकली. "सगळे थेंबच असते, तर आधी बेरीज केली असती. पानात थेंब कसे मिळवू?" तिने दोन वाकड्या पाकळ्यांचा कंस मांडला. आत एक पान, दोन थेंब. "तीन बाहेर उभे. ते आतल्या प्रत्येकाला भेटतील. तीन पानं, सहा थेंब!"

परीने भरलेला द्रोण दिला. "धाव, बाळा."

घरी आई थंड पडली होती.

सावरीने ओठ घट्ट मिटले. धोंडूला पाजलं. काकूला पाजलं. मग ती आईच्या पायाशी बसली.

थोड्या वेळाने काकू भिंतीला धरत आली. तिने सावरीच्या कपाळाला हात लावला. "अगं, भाजतेयस की! स्वतःला मोजलंच नाहीस?"

"हे आईचं आहे..."

"तिनेही तुलाच पाजलं असतं. घे, वेडाबाई." काकूने द्रोण तिच्या ओठांना लावला. "आणि आजपासून तुम्ही दोघं माझ्या घरी."

सावरी प्यायली. उंबऱ्यावर परी उभी होती. तिने त्या दोन पाकळ्या आईच्या हातावर ठेवल्या. झोपडीभर सोनेरी उजेड पसरला. आईचा चेहरा क्षणभर उजळला, आणि परी त्या उजेडात विरून गेली.