अडीनडीचं मडकं

ख्रिस्तदासबुवा त्या साली खडकओहोळ गावी मुक्कामाला होते. प्रभुमंदिरासमोरच्या चिंचेखाली त्यांची वीणा लागली की विहिरीवरच्या बायका घागरी तशाच सोडून कीर्तनाला येत.

त्यांतली एक राहेलबाई. नवरा देवाघरी गेलेला. शिंदीच्या केरसुण्या बांधून ती पोट भरी. एकदा बुवा म्हणाले, "बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असं प्रभूच सांगतात. अर्धवट बुरुजाला जग हसतं, बाळांनो! मिळकत हाती आली की आधी देवाचा वाटा, मग उद्याचा, उरेल त्यात आजचं भागवा."

राहेलबाईनं ते बोल पदराला गाठ मारून नेले. घरात दोन मडकी मांडली, एक देवाचं, एक अडीनडीचं. दोन्हींत मूठमूठ तांदूळ पडल्याशिवाय ती चुलीवर आधण ठेवीना. कधी पेजेवर राहिली, पण मूठ चुकली नाही!

तिचा चुलतदीर शांतवनराव मोठ्या बोलाचा. लेकीचं, सुवार्ताचं लग्न काढलं, तर मांडव उधार, बँड उधार, जेवणाचा मालही उधार.

"भाऊजी, झेपेल तेवढंच करा," राहेलबाई म्हणाली.

तो चारचौघांत खदखदून हसला. "वैनी, तुमचं मडकं तुम्हाला लखलाभ! मेल्यावर उशाला घ्या. माझा मांडव सारा तालुका बघणार!"

तिनं त्या संध्याकाळीही मूठ टाकलीच.

लग्नाच्या दिवशी आशीर्वाद झाला, वऱ्हाड भुकेलं, पण मालाची गाडी येईना. वाण्याचा निरोप आला, "मागली बाकी आधी, मग माल." आचारी रिकाम्या पातेल्यापुढे बसून. वरबाप करवादला, "आम्हाला उपाशी बसवता? ठेवा तुमची पोर घरात! गाड्या जुंपा रे!" सुवार्ता पदराआड हुंदके देऊ लागली.

राहेलबाई उठली. घराच्या वाटेवर मन म्हणालं, 'मेल्यावर उशाला घ्या म्हणाला होता ना हा?' तिनं मान झटकली. अडीनडीचं ते अडीनडीला काढायचं. अडलंय कोण, ते बघायचं नसतं. मडकं कमरेवर घेऊन ती मांडवात आली.

"अहो बाई, एवढ्याशा तांदळानं काय व्हायचं?" आचारी म्हणाला.

बुवा पुढे झाले. "तिनं उद्यासाठी राखलं, ते प्रभू आज वाढील. शिजव तू!"

भात शिजला. बुवांनी पातेल्यावर आपलं उपरणं पांघरलं, वर पाहून देवाचे आभार मानले. "आता वाढा. आत डोकावू नका."

शेजारणींनी ताक आणलं. एक पंगत उठली, दुसरी बसली. वाढणाऱ्याचा हात आत जाई तो भरूनच बाहेर येई! वरबापानं ढेकर दिला, वाजंत्रीसुद्धा जेवले. शेवटी उपरणं काढलं, तर भात तसाच, वाफाळलेला! काय ही प्रभूची करणी!

शांतवनराव धावला, त्यानं बुवांचे पाय धरले. बुवा म्हणाले, "माझे नव्हे, प्रभूचे धर. आणि जिला हसलास, तिची क्षमा माग."

"वैनी, चुकलो!" त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"उठा, भाऊजी. बँडवाल्याचं, वाण्याचं, सगळ्यांचं फेडायचंय अजून." राहेलबाईनं रिकामं मडकं त्याच्या हाती दिलं. "पण आधी मूठ."

दुसऱ्या दिवशी शांतवनरावाच्या चुलीवर आधण जरा उशिरा चढलं. मूठ आधी पडली होती. धन्य तो प्रभू, धन्य ती मूठ!