माईंचा नेम आणि खिंडीतला वैद्य

“खोट्या जगात कुणी खऱ्यासारखं कडक वागलं, तर त्याला तप म्हणायचं की नाही? तुम्हीच सांगा माई.”

माई हातातल्या माळेचे मणी ओढत राहिल्या.

विचारणारा अभिराम साताऱ्याहून आला होता. वय सत्तावीस-अठ्ठावीस. पाठीला सॅक, सॅकमध्ये लॅपटॉप. धामणवाडीच्या डोंगराखाली माईंचा लहानसा मठ आहे. दुपारच्या एसटीने तो तिथे उतरला आणि पाणीसुद्धा न घेता माईंसमोर बसला.

“कसलं जग?” माईंनी विचारलं.

“खेळातलं. कॉम्प्युटरवरच्या.”

ओसरीच्या टोकाला सुभद्राकाकू तांदूळ निवडत होत्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे असतो. त्या हसल्या.

“खेळायला एवढ्या लांब आलास होय रे?”

“खेळायला नाही काकू. विचारायला.”

“दाखव,” माई म्हणाल्या.

अभिरामने लॅपटॉप उघडला. पडद्यावर बर्फाचे डोंगर होते. एका खिंडीत, विझत आलेल्या शेकोटीपाशी एक माणूस बसला होता. खांद्याला झोळी.

“हा कोण?”

“मी. म्हणजे... वैद्य. गावोगाव औषधं देत फिरतो. तलवार धरत नाही.”

“राक्षस आला तर?”

“पळतो.”

“शहाणा आहे,” काकू म्हणाल्या.

अभिराम हसला नाही.

“माई, खेळात तशी सगळी मोकळीक असते. केवढं तरी राज्य आहे, कुठंही जा, काहीही करा. नकाशावर बोट ठेवलं की क्षणात तिथे. मेलात, तर मागच्या मुक्कामापासून पुन्हा जिवंत. लढाई मध्येच थांबवून चाळीस भाकऱ्या खाल्ल्या की जखमा भरतात.”

“चाळीस?” काकूंचा हात सुपातच थांबला. “थापतं कोण?”

“म्हणूनच आम्ही स्वतःला नियम घातले. चालतच जायचं, उडी मारायची नाही. वेळेवर खायचं, रात्री झोपायचं. अंगाला पेलेल तेवढंच ओझं घ्यायचं. आणि मेला तर मेला. त्याला पुसून टाकायचं. मग नवीन नाव, नवीन माणूस, सगळं पहिल्यापासून.”

माई पडद्याकडे बघत होत्या.

“आंघोळ करतो का तुझा वैद्य?”

अभिराम गोंधळला. “त्याला... बटण नाही माई.”

“नदी आहे का?”

“आहे.”

“मग?”

त्याने ते अगदी मनावर घेतलं. “खरंच की. हे सुचलंच नव्हतं. उद्यापासून रोज नदीवर...”

तो थांबला.

“नाही. उद्या तो नसणार.”

माईंचे मणीही थांबले.

“का? दुखतंय का काही त्याला?”

“मी पुसणार आहे त्याला. त्याआधी तुमच्याकडे आलो. लोक म्हणतात, नेम पाळावा तर माईंनी. नेमाच्या माणसाकडून एकदा ऐकायचं होतं, मी करतोय ते बरोबर आहे म्हणून.”

“‘आम्ही नियम घातले’ म्हणालास. आम्ही म्हणजे कोण?”

“मी आणि ताई.”

ताई म्हणजे शाल्मली, त्याची मोठी बहीण. लग्न होऊन नागपूरला गेलेली. तिकडचा संसार, इकडची नोकरी. फोन कमी होत गेले. मग दोघांनी हा खेळ घेतला आणि रोज संध्याकाळी त्यातच भेटू लागले. तो वैद्य झाला आणि ती तट्टूवाली. तिच्या तट्टावर औषधाची पोती, आणि तो पुढे वाट शोधत चाललेला. वाटेत दोघं घरातलं बोलायची. आईचं गुडघेदुखीचं, भाच्याच्या दाताचं.

“मग?”

“पडद्याच्या या कोपऱ्यात,” अभिरामने बोट ठेवलं, “सोबत्याचा जीव किती उरलाय ते दिसतं. तो कितीही लांब असला तरी. आता खऱ्या आयुष्यात असं दिसतं का? म्हणून आम्ही दोघांनी आपापल्या पडद्यावर तिथे कागदाची पट्टी चिकटवली.”

पट्टी अजून तिथेच होती. पिवळट, कडेला दुमडलेली.

“खेळात लांब असलो की बोलायचंसुद्धा नाही, हाही नियम. मी या खिंडीत अडकलो. वादळ आलं. शेकोटी विझत आलेली, लाकडं ओली. मी मरणारच होतो, माई. मनाची तयारी झाली होती. आणि... ताई समोर उभी.”

“चालत आली?”

“चालत कशी येईल? डोंगराखालच्या गावात होती, दिवसभराच्या वाटेवर! तिने पट्टी उचलून पाहिलं. माझा जीव संपत आलेला दिसला. मग नकाशावर बोट ठेवलं आणि इथं आली. मला काढा पाजला.”

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. “वाचवलं की रे तुला.”

“नियम मोडून वाचवलं काकू! मग मी वाचलो कसला? हा जो बसलाय ना शेकोटीपाशी, हा खोटा आहे. नियमाने तो मेलाय.”

त्याचा आवाज चढला होता. तो स्वतःच खाली आणत म्हणाला,

“आमच्या जगाची किल्ली माझ्याकडे आहे. ताईला मी बाहेर काढलं. दार बंद केलं. उद्या सकाळी याला पुसायचं, आणि पुढे एकट्याने खेळायचं. ठरलंय माझं. नियम आणखी कडक करणार.”

“पट्टी का उचलली तिने?”

“अं?”

“विचारलंस का?”

“मोडल्यावर विचारायचं काय राहतं माई? तिचे फोन येतात. मी घेत नाही.”

माईंचे मणी पुन्हा सुरू झाले. माळ पूर्ण झाली तेव्हा त्यांनी शेजारच्या वाडग्यातून एक चिंचोका उचलला आणि मागच्या कोनाड्यातल्या मडक्यात टाकला. मडकं गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

अभिरामने मान उंचावून पाहिलं. “हे काय?”

काकूंनीच सांगितलं. “एका माळेला एक चिंचोका. मडकं शिगोशीग भरलं की माईंचा जप पुरा. पण त्याला नेम आहे. सांजदिवा लागल्यापासून दिवस उगवेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. किती वर्षं चाललंय... माझी नात पाळण्यात होती तेव्हापासून. आता शाळेत जाते.”

“आणि चुकून बोललात तर?”

“मडकं रिकामं,” माई म्हणाल्या. “पहिल्यापासून.”

“कुणी ऐकलं नसलं तरी?”

“मी ऐकेन ना.”

अभिरामचे डोळे चमकले. “अगदी माझाच नियम हा! माई, मी बरोबर जागी आलो. तुम्हीच सांगा आता. माझी ताई तुमच्या जागी असती तर...”

“माझ्या जागी तुझी ताई?” माई हसल्या. “तिला विचार, रिकामं करायला मडकं उचलेल का म्हणावं.”

ऊन भिंतीवरून उतरत गेलं. अभिराम नियमांबद्दल बोलतच राहिला. थंडीचा नियम, तहानेचा नियम, जखमी पायाने किती चालावं त्याचा नियम. काकूंनी मधे चहा दिला. तो गार झाला.

मग काकूंनी सांजदिवा लावला.

अभिराम वाक्याच्या मधोमध होता. माईंनी ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प झाला.

मौन सुरू झालं.

काकू चुलीकडे गेल्या. शेवटची एसटी गेलेली. अभिराम आज मठातच राहणार होता. नुसतं बसून कसं राहायचं, म्हणून तो उठला. रांजणात पाणी तळाला गेलेलं दिसलं. त्याने बादली घेतली आणि मागच्या बारवेकडे निघाला.

या बारवेचा उजवा कठडा गेल्या वर्षी ढासळला आहे. तिथे रानवेल इतकी माजली आहे की खाली जमीन असेल असंच वाटतं. मठातले सगळे डाव्या पायऱ्यांनी उतरतात. नवीन माणसाला हे आल्या आल्या सांगतात. त्या दिवशी राहून गेलं. नियमांच्या गोष्टी संपल्याच नव्हत्या.

तो उजवीकडे वळला.

माईंनी टाळी वाजवली.

त्याला वाटलं, कोंबड्या हाकलत असतील.

माईंनी पुन्हा टाळी वाजवली. जोरात.

तो पुढेच चालला होता.

“थांब! मागं हो, अभिराम!”

त्याचा एक पाय वेलीवर पडला होता. पायाखालचा दगड सुटला. त्याने अंग मागे टाकलं. तो जमिनीवर आपटला, आणि हातातली बादली गेली.

थोड्या वेळाने... फार खालून पाण्याचा आवाज आला.

अभिराम उठला. कोपर खरचटलं होतं. त्याने वेलीत पडलेल्या भोकाकडे पाहिलं. मग माईंकडे. मग ओसरीवरच्या दिव्याकडे.



“माई,” तो पुटपुटला, “तुमचा नेम चुकला...”

माईंनी त्याच्याकडे पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश.

“चुकला?” त्या म्हणाल्या. “बरोबर लागला.”

आणि आत गेल्या.

काकू चुलीपासून धावत आल्या होत्या. माई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मडकं होतं.

“नको हो माई,” काकू म्हणाल्या. “आवाज मी ऐकलाच नाही म्हणते. खरंच नाही ऐकला.”

माईंनी मडकं अंगणात उपडं केलं.

चिंचोके सांडत राहिले. बराच वेळ सांडत राहिले. तुळशीच्या कट्ट्यापर्यंत घरंगळत गेले. शेवटी एक चिंचोका तळाला चिकटून राहिला होता. तोही माईंनी बोटाने सोडवला.

रिकामं मडकं त्यांनी परत कोनाड्यात ठेवलं. बसल्या. माळ घेतली आणि पहिल्या मण्यावर बोट ठेवलं.

त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना दुःख. पहिल्या दिवशी काम सुरू करणाऱ्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

अभिराम अंगणात उभा होता. त्याच्या पायाशी चिंचोके.

त्याने खिशातून फोन काढला.

एकच रिंग झाली.

“अभू? बरा आहेस ना रे?”

“ताई... पट्टी का उचललीस?”

 ती म्हणाली,

“तू अंधाराच्या आत गावात येणार होतास. आला नाहीस. मी वेशीवर थांबले. तट्टू घेऊन किती वेळ नुसती उभी होते. मग नाही राहवलं.”

“खेळ होता ताई तो.”

“हो. मला आता सांगतोस?”

त्याने मग विचारलं, “तुझी तट्टूवाली कुठं आहे सध्या? कुठल्या गावात?”

“ती कुठली आता? तिला त्याच रात्री पुसली मी. तुला काढा पाजून खाली आले आणि पुसली. नियम मोडला होता ना मी.”

“तट्टू?”

“तेपण.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“फोन कोण उचलतंय?”

ओसरीवर मणी सरकल्याचा बारीक आवाज येत होता. अभिरामने वळून पाहिलं. माईंचे डोळे मिटलेले होते.

“ताई,” तो म्हणाला, “उद्या सकाळी वेळ आहे तुला?”

“डबे झाले की आहे.”

फोन ठेवून तो खाली बसला आणि चिंचोके वेचू लागला. काकूंनी त्याच्यापुढे सूप सरकवलं. मडक्याकडे दोघांपैकी कुणीही हात नेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिरामने खेळातल्या जगाचं दार उघडलं. खिंडीच्या पायथ्याशी तट्टू नसलेली एक नवी तट्टूवाली उभी होती. पडद्यावरची पट्टी जागेवरच होती. वैद्य बर्फातून चालत खाली उतरला आणि वाटेत नदी लागली तिथे त्याने आंघोळ केली.