कौसल्याबाईंची पट्टी

एकदा एका वृद्ध गायकाने भर सभेत आपल्या सर्वांत लाडक्या शिष्येचे गाणे होऊच दिले नाही. गाव थक्क झाले, पाहुणे गोंधळले आणि शिष्येच्या पायाखालची जमीन सरकली. बुवांचे डोके फिरले, असेही काही जण बोलून गेले.

तालुक्याच्या गावातले ते एक लोकमहाविद्यालय होते. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. संध्याकाळी जो येईल त्याला शिकवायचे, असा तिथला खाक्या. एका खोलीत शिवणकाम, दुसरीत मोटार वाइंडिंग आणि त्या खडखडाटाच्या शेजारी, कोपऱ्यातल्या खोलीत बुवांचा गायनवर्ग. जागा वाटणाऱ्यांना संगीताची किती जाण होती, हे यावरून समजावे.

या वर्गात इरावती नावाची तरुणी शिकत होती. देवाने सवड काढून घडवलेला गळा आणि जोडीला अपार मेहनत. आणि त्याच वर्गात कौसल्याबाई होत्या. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून त्यांनी उभा जन्म ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्या बुवांकडे आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, अख्ख्या गावानं माझा आवाज ऐकलाय, पण गाडीशिवाय दुसरं काही ऐकलं नाही. मरायच्या आधी मला एक गाणं म्हणायचंय."

बाईंचा आवाज रुंद आणि खालचा. बुवांनी त्यांना पट्टी दिली पांढरी चार, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी हा त्यांचा 'सा'. इरावतीची पट्टी काळी चार, चांगलीच उंच. प्रत्येक गळ्याची आपली पट्टी असते. ती कोणी परस्पर चढवली, तर गाणारा वरच्या सुरापाशी पोहोचता पोहोचता गुदमरतो.

वार्षिक संगीतसभेचा दिवस आला. त्या वर्षी शहरातल्या एका मोठ्या महोत्सवाचे संयोजक मुद्दाम येणार होते. नवा गळा मिळाला, तर त्याला आपल्या मंचावर बसवायचे, असे त्यांनी कळवले होते. अशी संधी त्या गावाच्या दारात कधी आली नव्हती आणि पुन्हा येईल याचा भरवसा नव्हता. इरावती शेवटी गाणार होती. तिच्या आधी कौसल्याबाई, भूप रागातली एक छोटी चीज घेऊन. वर्गाच्या रिवाजाप्रमाणे बाईंच्या मागे तंबोऱ्याला इरावतीच बसणार होती.

महाविद्यालयाचा तंबोरा एकच. त्याच्या तारा नव्याने चढवल्या, की स्थिरावायला वेळ घेतात, मधेच उतरतात. आधी पांढरी चार लावायची आणि मग पाहुण्यांसमोर ऐन वेळी काळी चार, ही कल्पनाच इरावतीला नको झाली. तिने मंचामागे तंबोरा सरळ आपल्याच पट्टीत लावला आणि छान मुरू दिला.

पेटीवाल्या सुतारमास्तरांनी सूर ऐकून भुवई उंचावली. "अगं, बाईंची पांढरी चार ना?"

"असू द्या हो मास्तर," इरावती हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांना कुठे कळतंय!"

मास्तरांनी खांदे उडवले आणि काळी चार धरली. भिडस्त माणसे असे पुष्कळ काही चालवून घेतात.

कौसल्याबाई कोरे इरकली लुगडे नेसून मंचावर बसल्या. पुढच्या रांगेत त्यांची सून नि नातवंडे होती. तंबोरा सुरू झाला तेव्हा बाई क्षणभर बावचळल्या. घरातल्या घरात वाट चुकावी, तसे काहीसे झाले. पण तंबोऱ्यावर अविश्वास दाखवणे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्यांनी चीज सुरू केली. मधल्या सुरांपर्यंत कशाबशा गेल्या आणि वरच्या षड्जाला हात घालताच आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. मागून कोणीतरी ओरडले, "गाडी फलाटावर लागत आहे!" सारे सभागृह हसले. बाईंचा नातूसुद्धा हसला.

इरावतीला वाईट वाटले. खरेच वाटले. पण तिची बोटे तंबोऱ्यावर फिरतच राहिली, कारण मनात तिची स्वतःची आलापी सुरू झाली होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून बुवा उठले. मंचावर चढले. उठू पाहणाऱ्या कौसल्याबाईंना त्यांनी खुणेने बसवले, इरावतीच्या मांडीवरचा तंबोरा काढून घेतला आणि सगळ्यांदेखत त्याच्या खुंट्या पिळल्या. तारा बाईंच्या पांढरी चारवर उतरल्या. मास्तरांची मान खाली गेली. बुवा बाईंच्या शेजारी बसले, डोळे मिटले आणि त्यांनी भैरवी सुरू केली.

इरावतीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. भैरवी म्हणजे मैफलीची अखेर. ती झाल्यावर कोणी केवढाही गवई असो, तोंड उघडत नाही. बुवांना हे ठाऊक नसेल, असे कसे म्हणावे? त्यांनीच तर तिला शिकवले होते! मागे रिकाम्या हातांनी बसून ती ऐकत राहिली. बुवांचा थकलेला आवाज त्या पट्टीत नीट लागत नव्हता, तरी ते गात होते आणि शेजारी कौसल्याबाई अगदी हळू गुणगुणत होत्या. भैरवी संपली. संयोजकांनी शाल सावरली, हात जोडले आणि ते निघून गेले.

सभागृह रिकामे झाल्यावर इरावती बुवांसमोर उभी राहिली. तिला धड रडताही येत नव्हते.

"बुवा, तुम्ही माझं गाणं मारलंत."

"हो," बुवा म्हणाले.

या एका अक्षराने तिला आणखीच धक्का बसला. काही सबब सांगतील, अशी तिची अपेक्षा होती.

"इरावती, गाणारा तंबोऱ्याकडे पाठ करून बसतो. मागे काय चाललंय, ते त्याला दिसत नाही. तरी तो निर्धास्त असतो. आज एक बाई तशी तुझ्याकडे पाठ करून बसली होती. पहिली तार ऐकली, तेव्हाच मला कळलं. वाटलं, घाईत चुकली असेल, आता थांबेल. आवाज फाटला, तेव्हाही वाटलं, आता थांबेल. लोक हसले, तेव्हासुद्धा मी तुझीच वाट पाहत होतो. तू थांबली नाहीस, म्हणून मला उठावं लागलं."

"मग मला बोलायचं होतंत! चार लोकांत कान धरायचा होतात!"

"आणि मग? तू गायली असतीस. फार सुंदर गायली असतीस. टाळ्या, आमंत्रण, सगळं मिळालं असतं. म्हणजे जे केलंस ते तुला फळलं असतं. आणि एकदा फळलेली गोष्ट माणूस जन्मभर करत राहतो. तुझ्यासारखा गळा माझ्याकडे दुसरा आला नाही, पोरी. तो असा नासताना बघायचा माझा धीर झाला नाही." बुवांनी उपरणे खांद्यावर टाकले. "बाई उद्यापासून वर्गाला येणार नाहीत. 'माझ्या गळ्यात गाणं नाही, हे गावानं सांगितलं' म्हणाल्या. मी त्यांना काही बोललो नाही. ते बोलणं माझं नाही."

एवढे सांगून ते गेले. आतापर्यंत इरावती आपल्या गेलेल्या गाण्याने हबकली होती. आता ती स्वतःलाच हबकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कौसल्याबाईंच्या दारात गेली. तिला पाहताच बाईंचे डोळे भरून आले. "अगं, माझ्यापायी तुझं गाणं राहिलं. कशाला मी म्हातारी हौस करायला गेले! मला माफ कर गं."

इरावतीने त्यांचे हात धरले आणि एका दमात सगळे सांगून टाकले. तारा, पट्टी, मास्तरांचा प्रश्न आणि आपले उत्तरही. 'त्यांना कुठे कळतंय' हे शब्द तिने गाळले नाहीत.

कौसल्याबाईंनी हात सोडवून घेतले. आता ही आपल्याला घराबाहेर काढणार आणि काढावेच, असे इरावतीला वाटले.

"म्हणजे," बाईंनी विचारले, "माझा आवाज फाटला तो... माझा आवाज वाईट म्हणून नाही?"

"नाही, काकू."

"पुन्हा सांग."

"तुमचा आवाज चांगला आहे. मी पट्टी चढवली होती."

"फार वाईट केलंस," बाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडल्या. रडता रडता त्यांनी सुनेला हाक मारली. "अगं ए, बाहेर ये! नातवंडांनाही आण!" आणि इरावतीकडे वळून म्हणाल्या, "आता यांच्यासमोर पुन्हा सांग."

इरावतीने पुन्हा सांगितले.

संध्याकाळी शेजारच्या खोलीत मोटारी घुरघुरत होत्या. बुवा वर्गात आले तेव्हा कौसल्याबाई पुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे इरावती तंबोरा घेऊन. बुवांनी पट्टी विचारली नाही. ती त्यांना दारातूनच ऐकू आली होती.