खोताचा मान आणि झऱ्यावरची डोण

फार पूर्वी, समुद्राजवळच्या एका गावात एक खोत होता. आधीच सांगून ठेवते, या खोताचा मला राग आहे आणि गोष्ट संपेपर्यंत तो काही जायचा नाही.

त्या गावात गरम पाण्याचा झरा होता. झऱ्याच्या तोंडाशीच, जांभ्या दगडात कोरलेली एक डोण होती. डोण म्हणजे माणूस पाय पसरून बसेल एवढी दगडी टाकी. जांभा पडला खरखरीत, म्हणून जुन्या लोकांनी तिला आतून चुन्याचा गुळगुळीत गिलावा दिला होता. गावातले आखडलेले सगळे सांधे त्या पाण्यात सुटायचे. खोताची म्हातारी आई तर रोज सकाळी काठी टेकत जायची आणि येताना काठी काखेत मारून यायची.

या डोणीची एक रीत होती. नरक चतुर्दशीची पहिली आंघोळ खोताची, हा त्याचा मान. त्या मानाच्या बदल्यात दिवाळीआधी गिलावा नवा करून द्यायचा, हे त्याचं काम. शिंपल्या भाजून चुना करायचा, गुळाच्या पाण्यात मळायचा, डोणीला आतून लिंपायचा आणि नदीतल्या गोट्याने घोट घोट घोटायचा. खोताच्या घरातली सगळी माणसं त्या कामाला बसायची आणि त्यांचे हात भरून यायचे.

या खोताने मान ठेवला आणि काम सोडलं. "पुढच्या वर्षी बघू," म्हणायचा. पुढच्या वर्षीही तेच म्हणायचा. गाव मागून कुरकुरायचं, पण तोंडावर कोणी बोलेना. असल्या गप्प बसणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो.

हळूहळू गिलाव्याचे पोपडे निघाले आणि आतला जांभा उघडा पडला.

एका दिवाळीला खोताकडे त्याचे व्याही आले. त्यांच्या देखत खोताने पायाखाली कारीट फोडलं, अंगाला उटणं लावलं आणि मोठ्या ऐटीत तो डोणीत उतरला. पाठ टेकली मात्र, आणि असा किंचाळला की झाडावरचे कावळे उडाले. पाठ सोलून निघाली होती.

व्याही हसून म्हणाले, "काय हो खोत, तुमच्याकडे दिवाळीला पाठ किसून घेतात वाटतं?"

आता चिडायचंच तर कोणावर चिडावं? स्वतःवर. पण हा चिडला डोणीवर. चोर सोडून संन्याशाला सुळी!

"जुनाट झाली ही डोण! उपटून टाका," तो ओरडला. "बंदरावरून संगमरवराची नवी आणतो. आरशासारखी!"

आईने हे ऐकलं. ती आत गेली आणि फडताळातून एक काळा गोटा घेऊन आली. नवी सून म्हणून आली तेव्हापासून, काम बंद पडेपर्यंत, ती याच गोट्याने डोण घोटायची. त्याची एक बाजू घासून सपाट झाली होती.

"हा घे," ती म्हणाली. "डोण धडधाकट आहे रे. वरचा गिलावा तेवढा गेलाय. तुझा बाप चुना मळायचा, मी घोटायचे. तू चुना मळ, मी अजून घोटीन."

"आई, ठिगळं गरिबांनी लावावीत. खोताच्या मानाला ठिगळ शोभत नाही."

"आणि फुकटचा मान शोभतो होय?"

खोताने तो गोटा अंगणात भिरकावून दिला. म्हातारी वाकली, कण्हत कण्हत तिने तो उचलला आणि पदराने पुसला. हे सांगतानासुद्धा माझ्या हाताच्या मुठी वळतात.

पाथरवट आले. त्यांनी डोणीभोवती फिरून पाहिलं. मुख्य पाथरवट म्हणाला, "खोत, ही कोणी आणून बसवलेली नाही. खडकातच कोरलीय. उपटायची कुठून?"

"मग फोडा!"

"अहो, झरा याच खडकातून येतो."

"झऱ्याला काय धाड भरलीय? फोडा म्हणतो ना!"

घण पडले. डोण फुटली. तिच्याबरोबर खालचा खडकही तडकला. पाणी एकदा गदगदलं, थोडी वाफ वर आली आणि सगळं पाणी त्या भेगेतून खाली उतरून गेलं. लोकांनी चिंध्या कोंबल्या, माती भरली, चुना ओतला. हो, आता चुना ओतला! पण झरा काही वर आला नाही.

थोड्या दिवसांनी बैलगाडीतून संगमरवरी डोण आली. पांढरीशुभ्र, कुठे ओरखडा नाही. गाव जमलं होतं, आणि एरवी मागून कुरकुरणारं गाव आता खोताच्या तोंडावर बोलत होतं. एक म्हातारा आपले वाकडे गुडघे दाखवत म्हणाला, "आता हे घेऊन कुठे जाऊ, खोत? तुमच्या ओसरीवर बसू?"

खोताची मान वर होईना.

तेवढ्यात आई आली. झरा गेल्यापासून तिचे पाय पुन्हा आखडले होते. दोन बायकांनी तिला धरून आणलं होतं. तिने नव्या डोणीच्या काठावरून हात फिरवला.

"गुळगुळीत आहे हो," ती म्हणाली. "आणि कोरडी."

मग तिने कनवटीचा गोटा काढला आणि लेकाच्या हातावर ठेवला.

"घे. तेव्हा टाकलास, आता ठेव. पण आता घोटशील काय?"

खोताने तो गोटा कनवटीला लावला. घरी परतताना आईला एक पाऊलही टाकवेना, तेव्हा त्याने तिला पाठीवर घेतलं. पाठीवरच्या जुन्या खरचटण्याच्या खपल्या केव्हाच गळून गेल्या होत्या. म्हातारीचे गुडघे मात्र शेवटपर्यंत सुटले नाहीत.

तात्पर्य, आणि हे मुलांआधी मोठ्यांनी ऐकावं: निगा राखायचा कंटाळा आला की माणूस वस्तूला जुनी म्हणतो. फोडायला हात उचलण्याआधी तोच हात तिच्यावरून शेवटचा कधी फिरवला होता, ते आठवा.