कुमुदेची दुसरी पुडी

पूर्वी उदुंबर नगरावर भद्रसेन राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्वाने एका वैद्यकुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव पर्णक. नगराबाहेर नदीकाठी विटा पाडणाऱ्यांची वस्ती होती. तिथल्या रोग्यांची काळजी राजाने त्याच्यावर सोपवली होती.

त्या वस्तीत कुमुदा नावाची विधवा दोन मुलींसह राहत असे. थोरली सामा नऊ वर्षांची, धाकटी तिली पाच वर्षांची. तिघी दिवसभर अनवाणी चिखल तुडवीत. तिलीचे हातपाय काडीसारखे झाले होते आणि पोट मडक्यासारखे फुगले होते. ती लपून माती खाई, झोपेत दात खाई. एके दिवशी तिच्या शौचातून जंत पडले तेव्हा कुमुदेचा जीव उडाला. शेजारची गोमती म्हणाली, "कुणाच्या पोराला नाहीत गं?" ते खरेच होते. वस्तीतली बहुतेक मुले अशीच फिकट आणि पोट फुगलेली होती. वर्षभरात त्यांतली सात नदीकाठी पुरली होती.

पर्णकाने एकेका मुलाला तराजूत बसवून त्याचे वजन केले. त्या मानाने वावडिंग आणि पळसबी यांचे जंतांवरचे चूर्ण तोलून त्याने पानाच्या पुड्या बांधल्या. तो म्हणाला, "पोटभर जेवू घालून गुळातून द्या. एकाला एकच पुडी. पंधरा दिवसांनी मी पुन्हा येईन, तेव्हा पुढची. गरोदर बायांनी आणि अंगात ताप असलेल्यांनी घेऊ नये."

तिलीला पाहून तो कुमुदेला म्हणाला, "ही फार अशक्त आहे, बाई. हिला आठ दिवस पेज आणि दूध दे, मगच औषध. हिची पुडी मुद्दाम लहान बांधली आहे."

कुमुदा मान डोलावून घरी आली. पण दोनच दिवसांपूर्वी पलीकडच्या खोपटातले मूल गेले होते. आठ दिवस तिली टिकेल याचा भरवसा कोण देणार? आणि सर्वांत आजारी मुलीला सर्वांत लहान पुडी, हे तिच्या मनाला पटेना. सामा धडधाकट होती, तिला पुढच्या खेपेला देता आले असते. दुसऱ्या दिवशी सकाळीच कुमुदेने दोन्ही पुड्या गुळात कालवल्या आणि तिलीला उपाशीपोटी भरवल्या.

थोड्याच वेळात तिलीला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. दुपारपर्यंत तिचे हातपाय गार पडले. पाणी पाजावे तर ते बाहेर येई. पर्णक धावत आला तेव्हा ती आईच्या मांडीवर निपचित पडली होती. चुलीजवळ दोन रिकामी पाने होती. पर्णकाने ती पाहिली, मग कुमुदेकडे पाहिले, आणि तो तिलीशेजारी बसून तिचे गार पाय चोळू लागला. ऊन कलायच्या आत तिलीने प्राण सोडला.

वैद्याच्या औषधाने पोर गेली, अशी हाकाटी झाली. लोकांनी उरलेल्या पुड्या नदीत फेकल्या आणि राजाकडे दाद मागितली.

राजाने विचारले, "मूल तुझ्या औषधाने मेले?"

"होय, महाराज. औषध हाती देऊन मी निघून गेलो. ते पोटात जाईपर्यंत थांबलो नाही. दोष माझा आहे. पण बाकीच्या मुलांचे औषध बंद करू नका."

राजाने आणखी काही विचारले नाही. पर्णकाचे पद काढून घेतले आणि वस्तीत औषध वाटण्यास मनाई केली.

हे कानी आले तेव्हा कुमुदेला आधी सुटल्यासारखे वाटले. मग त्या सुटण्याचीच तिला लाज वाटू लागली. पुढल्या महिनाभरात आणखी तीन मुले गेली. तिसरी गोमतीची मुलगी होती. तिला पुरून परतताना गोमती कुमुदेच्या गळ्यात पडली. "मरायचीच होती, मेली. पण तुझ्या तिलीसारखी विषाने तरी नाही गेली. तिच्यामुळे आम्ही सावध झालो, बाई."

कुमुदा तिथूनच तडक पर्णकाच्या दारी गेली आणि सगळे बोलून मोकळी झाली.

"मला ठाऊक होते," पर्णक म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझे दुःख पाहून जीभ रेटली नाही. पण तिथेच माझे चुकले. तुला झाकताना बाकीची मुले उघड्यावर पडली. आता बोलायचे की नाही ते तू ठरव. मी तुला राजापुढे ओढणार नाही."

दुसऱ्या दिवशी वीटभट्टीपाशी साऱ्यांसमोर कुमुदा बोलली. कुणी थुंकले. गोमती मटकन खाली बसली आणि कपाळ बडवू लागली. कुणीच कुमुदेची समजूत घातली नाही.

वस्तीचा प्रमुख तिला घेऊन राजाकडे गेला. राजाने खाली मान घालून मनाई उठवली. पर्णकाने सामाचे पुन्हा वजन केले. तिला जेवू घालून तिची पुडी कुमुदेने सर्वांदेखत दिली. लोक संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. सामाला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी जंत पडले, आणि मग एकेक आई मुलाला घेऊन पुढे आली.

त्यानंतर पर्णक प्रत्येक मुलाने औषध गिळेपर्यंत समोर बसे आणि पंधरा दिवसांनी न चुकता परत येई. शौचासाठी नदीपासून दूर खड्डे खणले गेले. मुले हात धुऊन जेवू लागली, पायांत वहाणा आल्या. त्या वर्षी आणखी मूल दगावले नाही. पण गोमती कुमुदेशी जन्मात पुन्हा बोलली नाही.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध भिक्खूंना म्हणाले, "आजाऱ्यांचे औषध तीन-तीनदा तोलणारी ही भिक्खुणी रेणुमती, तीच तेव्हाची कुमुदा. जिचे दुःख अजून निवलेले नाही ती उपासिका मल्लिनी ही गोमती. अर्धे ऐकून निवाडा करणारा भिक्खू उग्रक हा तो राजा. आणि वैद्य पर्णक मीच होतो. औषध किती द्यावे हे मला कळत होते, दया किती करावी हे मात्र मुले गेल्यावर कळले. किती हे नेमके ओळखण्याच्या या गुणाला मात्रज्ञता म्हणतात."